सतरा नंबरची बाटली

आमच्या जळगाव जिल्ह्यात ४५ म्हटलं की लोकांना आधी पारा आठवतो. मे महिन्यात भुसावळला ४५ म्हणजे नेहमीचंच, ‘आज जरा बरं आहे’ म्हणणारेही भेटतात. केळीवाल्याला विचारलं तर तो युरियाची गोणी सांगेल, कारण २०१८ पासून ती पन्नासची पंचेचाळीस किलोची झाली. माझ्या डोक्यात मात्र गेली दोन वर्षं तिसराच ४५ बसलाय. पिण्याच्या एका लिटर पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, असं भारतीय मानक सांगतं. आयएस १०५००. या आकड्याच्या जरा अलीकडे पडावं की जरा पलीकडे, एवढ्यावरून मी एक अख्खी रात्र जागून काढली आहे.

मी एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. यावल-रावेर पट्ट्यातल्या एका गावाचं पाणी मी आणि माझ्या सहा विद्यार्थ्यांनी तपासलं, त्याची ही हकीकत. गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे येईल. पण न लिहिणं हा निर्णय आहे आणि तो कुठल्याही मीटरवर मोजून आलेला नाही, हे आत्ताच सांगून टाकते.

कारण तोवर मी वर्गात नेमकं उलटं शिकवत होते. ‘मीटरला जात नसते, पक्ष नसतो, सासर-माहेर नसतं’ हे माझं अकरावीच्या पहिल्या तासाचं ठरलेलं वाक्य. मुलं हसायची. मलाही ते आवडायचं. मूल्यं, भावना, गावकी-भावकी सगळं प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपलांसोबत काढून ठेवायचं आणि मग आत यायचं, असं माझं वस्तुनिष्ठतेचं चित्र होतं.

आता नायट्रेटच का? आमच्याकडे केळी आहे म्हणून. केळीच्या एका झाडाला हंगामात २०० ग्रॅम नत्र द्यावं अशी कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. दीड बाय दीड मीटरवर लावली तर हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात, म्हणजे ८८९ किलो नत्र. सगळं युरियातूनच द्यायचं म्हटलं तर त्रेचाळीसएक गोण्या. ही शिफारस झाली. शेजाऱ्याचा घड मोठा दिसला की हात आणखी सैल सुटतो, ते वेगळंच. झाड लागेल तेवढं घेतं, उरलेल्या नत्राचं जमिनीत नायट्रेट होतं. नायट्रेटवर ऋण भार, आपल्या काळ्या मातीच्या कणांवरही ऋण भार. माती त्याला धरून ठेवत नाही. सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या गाळाच्या जमिनीतून ते पाण्याबरोबर खाली उतरत जातं आणि कधीतरी आपल्याच बोअरमधून आपल्याच माठात येतं.

हे मला घरातूनच माहीत होतं. सासरी केळीच आहे. मृगबागही आणि कांदेबागही, म्हणजे दोन्ही हंगामांतली केळी. हे वाक्य खरं तर अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवं होतं. पहिल्या मसुद्यात ते नव्हतं.

एप्रिलमध्ये नमुने घ्यायचे ठरले. ग्रामपंचायतीनं स्रोतांची यादी दिली: नळयोजनेची बोअर, गावठाणातली जुनी विहीर, शाळेचा हापसा, मळ्यांतल्या विहिरी. एकूण सोळा. मी यादीवर खुणा केल्या, सोळा बाटल्या धुऊन आणल्या. यादी घेतली आणि गेलो, इतकं ते सरळ वाटलं. गावातल्या आशाताईंनी, म्हणजे आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा सेविकेनं, यादी पाहिली आणि विचारलं, “मॅडम, वस्तीवरचा हापसा कुठाय यात?”

वस्ती म्हणजे गावाबाहेर केळीच्या बागांच्या मधे असलेली पंचवीस-तीस घरं. पावरा आणि तडवी आदिवासी मजुरांची. काही वर्षभर राहणारी, काही कामापुरती सातपुड्यातून उतरणारी. तिथला हापसा कोणी, कधी बसवला याची पंचायतीत नोंद सापडेना, म्हणून तो यादीत नव्हता. मी म्हटलं, नंतर पाहू. आशाताई मला एखाद्या पोरीला समजवावं तशा म्हणाल्या, “ताई, नायट्रेटचा धोका कोणाला, तुम्हीच सांगितलं ना आत्ता? तान्ह्या बाळाला. आणि त्यातही वरचं दूध पिणाऱ्या. गावातल्या बाया घरी असतात, अंगावर पाजतात. वस्तीवरच्या बाया सकाळी सातला निंदणीला, पिल (केळीचे फुटवे) काढायला जातात. बाळ आजीजवळ. आजी काय पाजते? बकरीचं दूध, त्यात हापशाचं पाणी. तीन बाळं आहेत आत्ता अशी.”

ती सतरा नंबरची बाटली.

आज मागे वळून बघते तर सगळ्या कामात हा सर्वांत मोठा मूल्यनिर्णय होता, आणि तो मी घेतलेलाच नव्हता. मी ‘निःपक्षपाती’ यादी घेऊन निघाले होते आणि तिच्यातून नेमकी ज्यांना धोका तीच माणसं गळली होती. यादी चुकीची नव्हती. सोळाच्या सोळा आकडे अचूक आले असते. फक्त प्रश्न कोणाचा विचारायचा, हे यादी करणाऱ्यानं माझ्या आधीच ठरवून ठेवलं होतं.

नमुने घेण्याचं काम कंटाळवाणं असतं, ते थोडक्यात सांगते. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, हापसा आधी पाच मिनिटं हापसून साचलेलं पाणी काढून टाकायचं, काठोकाठ भरायची, नंबर लिहायचा. मग कुल्फीवाल्याकडून आणलेल्या थर्माकोलच्या पेटीत बर्फात ठेवायची. थंड ठेवलं नाही तर पाण्यातले जंतू नायट्रेट खाऊन टाकतात आणि आकडा उगाच कमी येतो. अठ्ठेचाळीस तासांच्या आत मोजायचं. बर्फ जळगावच्या उन्हात किती टिकतो हे मानकात लिहिलेलं नाही. फैजपूरला एसटीची वाट पाहताना दोन पोरं पेटीवर ओली गोणपाटं धरून उभी होती, लोकांना वाटलं आम्ही मासे नेतोय.

प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे पाणी किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र. नायट्रेट २२० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतं. पाण्यात कुजकं सेंद्रिय काही असेल तर तेही शोषतं. म्हणून २७५ वर पुन्हा मोजायचं, तिथे नायट्रेट गप्प असतं, आणि त्याची दुप्पट पहिल्यातून वजा करायची. पन्नास मिलिलिटरला एक मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल. पोटॅशियम नायट्रेटच्या ओळखीच्या द्रावणांवरून आधी रेघ आखून घ्यायची. प्रत्येक बाटली तीनदा.

नळयोजनेची बोअर १९ आली, हायसं वाटलं. गावठाणातली विहीर ४७. मळ्यातल्या काही साठच्या पुढे. आणि सतरा नंबर: ४३.८, ४६.१, ४४.९.

सरासरी काढा. ४४.९३.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मुलं गेली होती. मी तो आकडा बघत बसले. ४५च्या आत. अहवालात ‘मर्यादेत’ लिहायचं आणि पुढे जायचं. पण त्या दिवशी वस्तीवर एक आजी नातीला मांडीवर घेऊन वाटीनं दूध पाजताना मी पाहिली होती. मग माझी नजर ४३.८ वर गेली. पहिलंच मोजमाप. क्युवेट, म्हणजे नमुना ठेवायचं छोटं पारदर्शक भांडं, नीट पुसली नसेल. दिवा पुरता तापला नसेल. ते सोडलं तर उरलेल्या दोघांची सरासरी ४५.५, मर्यादेच्या बाहेर. कोणालाही कळलं नसतं. आणि हेतू किती चांगला! मी वहीत ४३.८ वर हलकीशी रेघही मारली. पेन्सिलीनं.

मला कोणी पैसे दिले नव्हते, कोणाचा फोन आला नव्हता. भ्रष्ट विज्ञान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाकीट येतं. इथे पाकिटात त्या बाळाचा चेहरा होता. रेघ तशीच ठेवून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरपंच स्वतः आले. आकडे काय आले ते त्यांना कळवू असं मी कबूल केलं होतं. मी वही पुढे केली. सतरा नंबरचे तीन आकडे त्यांनी शांतपणे वाचले आणि म्हणाले, “मॅडम, हे सेहेचाळीसवालं जरा जास्तच नाही वाटत? चुकलं असंल मशीनचं. ते काढून टाका की. म्हणजे आमचा हापसा चव्वेचाळीसच्या आसपास बसतो.”

मी मनातल्या मनात हिशेब केला. ४३.८ आणि ४४.९. सरासरी ४४.३५. त्यांची मागणी आणि माझी पेन्सिलीची रेघ यांत काय फरक होता? त्यांना गावाची अब्रू वाचवायची होती, मला बाळ. माझं कारण जास्त मोठं, हे मी आजही म्हणेन. पण आकड्याला कारण कळत नाही. एकदा चांगल्या कारणासाठी ४३.८ खोडायला परवानगी दिली की ४६.१ खोडणाऱ्याला मी कुठल्या तोंडानं अडवू? मी त्यांच्यासमोर खोडरबर काढलं आणि माझी रेघ पुसली. त्यांना ती दिसली की नाही, माहीत नाही. “तिन्ही राहतील,” एवढंच म्हटलं.

जाताना त्यांनी खिशातून मागच्या वर्षीचा एका खासगी प्रयोगशाळेचा कागद काढला. गावठाणातल्या त्याच विहिरीचा. “यांनी तर १०.४ दिलंय. मर्यादा ४५. आणि तुम्ही ४७ म्हणता!” कागद बरोबरच होता. फक्त आकड्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘नायट्रोजन म्हणून’. नायट्रेट दोन भाषांत सांगता येतं: पूर्ण नायट्रेट म्हणून, किंवा त्यातला नुसता नायट्रोजन म्हणून. दुसऱ्यातून पहिल्यात यायला ४.४३ नं गुणायचं. १०.४ चे होतात ४६. ४५ ची मर्यादा पहिल्या भाषेतली आणि आकडा दुसऱ्या भाषेतला, शेजारी-शेजारी छापलेले. वर्षभर गाव त्या कागदावर निवांत होतं. ही साधी चूक, इथे मूल्यांचा काही संबंध नाही. मी गुणाकार करून दाखवला तेव्हा सरपंचांनी स्वतःच्या मोबाइलवर पुन्हा करून पाहिला. मला ते आवडलं.

तरी सतरा नंबर सुटत नव्हताच. तिन्ही आकडे ठेवले, पण पुढे ‘पिण्यायोग्य’ लिहू की ‘अयोग्य’? आमच्या पद्धतीत चार मिलिग्रॅम इकडे-तिकडे होणं गृहीतच आहे. म्हणजे खरा आकडा ४१ असू शकतो, ४९ ही. विभागप्रमुख म्हणाले, “मॅडम, व्हॅल्यू जजमेंट करू नका. ४४.९ आहे, ४५च्या आत आहे, संपलं. ऑब्जेक्टिव्ह राहा.”

स्टाफरूममध्ये तत्त्वज्ञानाचे एक सर बसतात. विद्यार्थी कमी, म्हणून वेळ भरपूर. मी त्यांच्याकडे वैतागून बोलले, तर ते चहा बाजूला ठेवून खुर्चीत सावरून बसले. रिचर्ड रडनर नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९५३ मध्ये हेच मांडलंय, म्हणाले. कुठलाही पुरावा शंभर टक्के नसतो, तेव्हा ‘आता पुरे, मी हे मान्य करतो’ असं कुठेतरी वैज्ञानिकाला म्हणावंच लागतं. किती पुरावा म्हणजे पुरे? ते चूक झाली तर काय होईल यावर ठरतं. औषधात विष घातक प्रमाणात नाही असं म्हणायचं असेल तर फार खात्री हवी, पट्ट्याची बकलं बिघडलेली नाहीत म्हणायला तेवढी नको. म्हणजे मूल्य विज्ञानाच्या आतच आहे, बाहेरून कोणी घुसवलेलं नाही.

मी म्हटलं, मग मी निर्णय घेतच नाही. ४४.९ अधिक-उणे ४ एवढं देते, ठरवू दे लोकांना. सर हसले. “हे रिचर्ड जेफ्रीचं उत्तर, १९५६ चं. वैज्ञानिकानं फक्त शक्यता सांगावी, स्वीकार-नकार दुसऱ्यांनी करावा. करून बघा. पण ते अधिक-उणे चारच का, पाच का नाही, हे कोणी ठरवलं?” मी गप्प झाले, कारण ते मीच ठरवलं होतं.

हे ऐकत असताना मला ४५ चाच राग यायला लागला. हा आकडा आला कुठून? १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवात हंटर कॉम्ली या डॉक्टरनं विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पिऊन निळसर पडलेल्या दोन बाळांबद्दल लिहिलं. पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं, आणि मग ते प्राणवायू वाहून नेईना. ओठ, नखं निळी. मोठ्यांच्या रक्तात हे दुरुस्त करण्याची ताकद असते, तान्ह्यात ती कमी. पुढे १९५१ मध्ये अशा रुग्णांची पाहणी झाली. नायट्रोजन म्हणून लिटरला १० मिलिग्रॅमच्या खाली एकही रुग्ण सापडला नाही. गुणा ४.४३ नं. झाले पंचेचाळीसएक. जागतिक आरोग्य संघटना त्याच जातीच्या पुराव्यावरून ५० म्हणते. काही संशोधक म्हणतात, त्या जुन्या विहिरींत जंतूही होते, सगळा दोष नायट्रेटवर टाकू नका. म्हणजे ज्या रेषेला मी निसर्गाची रेषा समजत होते, ती माणसांनी पुरावा बघून, बाळांचा विचार करून, थोडं गोल करून आखलेली होती. म्हणून ती खोटी ठरत नाही. पण ४४.९ आणि ४५.१ यांच्यामध्ये निसर्गानं भिंत बांधलेली नाही, एवढं खरं.

त्याच मानकात फ्लोराइडला दोन मर्यादा आहेत: १ आणि १.५. दुसरी कधी लागू? ‘पर्यायी स्रोत नसल्यास.’ तेच पाणी, तोच आकडा, पण शेजारी दुसरी विहीर असेल तर नको आणि नसेल तर चालेल. इतक्या वर्षांत हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल, त्यात नुसतं रसायनशास्त्र नाही हे लक्षात आलं नव्हतं. शाळेत आपण ‘क्ष’ची किंमत काढतो. ही किंमत काढताना कोणाची किंमत किती धरली, तेही समीकरणात होतंच की.

१ मेच्या ग्रामसभेत मी जेफ्रीसाहेबांचा प्रयोग करून पाहिला. फळ्यावर लिहिलं: सतरा नंबर, ४४.९ अधिक-उणे ४. दोन मिनिटं समजावून सांगितलं. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं पदर सावरला आणि म्हणाली, “माय, मले येवढंच सांग, पानी प्याचं का नही प्याचं?”

सभा हसली, पण प्रश्न तोच होता. शक्यता सांगून बाजूला होणं हा निःपक्षपातीपणा नव्हता, ते ताकाला जाऊन भांडं लपवणं होतं. माझं मत मला होतंच, फक्त ते त्यांच्याकडून वदवून घ्यायचं होतं. मी म्हटलं, “आजी, तुम्ही प्या. सहा महिन्यांच्या आतल्या वरचं दूध पिणाऱ्या बाळाला देऊ नका.”

मग जी चर्चा झाली ती मी कुठल्या चर्चासत्रात ऐकलेली नाही. एक केळीबागायतदार म्हणाले, पेपरात आलं तर व्यापारी भाव पाडतील, ‘विषारी पाण्याची केळी’ म्हणतील. मी सांगितलं, गावाचं नाव कुठेही छापणार नाही, पण आकडे लपवणार नाही. तो शब्द मी इथे पाळतेय. कोणी म्हणालं, पाणी उकळून द्या ना. नाही, उकळल्यानं पाणी आटतं, नायट्रेट राहतं, उलट घट्ट होतं. पाणी शुद्ध करायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरनंही जात नाही. मग वस्तीवरच्या हापशाला लाल रंग मारा, असुरक्षित म्हणून, असा ठराव पुढे आला. मला तो सोपा आणि योग्य वाटला. सावधपणाची चूक झाली तरी कोणाचं काय जातं?

वस्तीवरची एक बाई उभी राहिली. मोडक्या मराठीत ती बोलली ते असं: हापसा लाल केला तर तो बिघडल्यावर पंचायत दुरुस्त करणार नाही, म्हणेल लालच तर आहे. मग अंघोळीला, भांड्याला, जनावराला पाणी कुठून आणायचं? आणि प्यायला वीस लिटरचा जार रोज विकत घ्यायला सांगाल, तर ते पैसे तुम्ही देणार का?

खोटा इशारा फुकट असतो, असं मी धरून चालले होते. चूक कुठल्या बाजूला झालेली परवडते हे ठरवताना मी दोन्ही बाजूंचं वजन केलंच नव्हतं. एका बाजूला बाळ ठेवलं आणि दुसरं पारडं रिकामं आहे असं समजले. त्या पारड्यात याच बाळाची आई बसलेली होती.

शेवटी ठरलं ते असं. हापसा तसाच, रंग नाही. तीन बाळांच्या दुधापुरतं, रोज दोन-दोन लिटर पाणी नळयोजनेच्या टाकीवरून आणायचं, आशाताई कॅन देणार, शाळेत येणारी पोरं संध्याकाळी घरी जाताना घेऊन जाणार. आणि वस्तीपर्यंत नळाची लाइन वित्त आयोगाच्या निधीतून टाकायची.

अहवाल मी पुन्हा लिहिला. प्रत्येक स्रोतापुढे दोन रकाने केले. पहिल्यात ‘मोजलं ते’: तिन्ही आकडे, सरासरी, अधिक-उणे. दुसऱ्यात ‘ठरवलं ते, आणि का’. सतरा नंबरच्या दुसऱ्या रकान्यात लिहिलं: मर्यादेच्या आत असूनही तान्ह्या बाळांसाठी अयोग्य धरलं, कारण इथे चूक झाली तर ती बाळाच्या जिवावर बेतू शकते आणि त्यांच्यापुरतं पर्यायी पाणी आणणं शक्य आहे. ज्याला कारण पटणार नाही त्यानं दुसऱ्या रकान्याशी भांडावं, पहिला तसाच राहील. तत्त्वज्ञानाच्या सरांनी वाचलं आणि म्हणाले, हेदर डग्लस या तत्त्वज्ञ बाईंनी २००९ च्या पुस्तकात असाच काहीसा भेद केलाय: मूल्यानं पुराव्याची जागा घ्यायची नाही, पण पुरावा पुरेसा आहे का हे ठरवताना त्याला बोलू द्यायचं. मला जरा वाईटच वाटलं. वाटलं होतं मीच शोधून काढलं.

विभागप्रमुखांना दुसरा रकाना नको होता. संशोधन निबंधात तो गेला नाही, गावाला दिलेल्या अहवालात आहे. यावर आमचं अजून जमलेलं नाही.

एक गोष्ट राहिली. अहवाल छापायला द्यायच्या आदल्या दिवशी एक विद्यार्थी, बामणोदकडचा, जरा चाचरतच म्हणाला, “मॅडम, विचारू का? तुमच्या सासरची विहीर तर शेजारच्याच शिवारात आहे. ती का नाही घेतली?” मी पटकन म्हटलं, ती या गावच्या हद्दीत नाही. खरंच नाही. पण मळ्यांतल्या दोन विहिरी हद्दीबाहेरच्या आम्ही घेतल्याच होत्या, सोयीच्या म्हणून. पोरगा काही बोलला नाही, नुसता उभा राहिला.

ती विहीर अठरा नंबर झाली. ६१. त्या रात्री जेवताना मी आबांना, म्हणजे सासऱ्यांना सांगितलं. वांग्याचं भरीत होतं, कळण्याची भाकरी होती, आणि कोणी फार बोलत नव्हतं. आबा म्हणाले, “बेटा, केळी युरियाशिवाय निसवत नाही, घड टाकत नाही, आणि ती निसवली म्हणून तुझं ते मशीन आहे.” हे चूक नव्हतं. अहवालाच्या पहिल्या पानावर मग एक ओळ आली: लेखिकेच्या कुटुंबाची केळीची शेती आहे, स्रोत क्रमांक १८ त्यांचा. आबांनी ती वाचली, चष्मा काढला, काही बोलले नाहीत. या मृगाला त्यांनी खताच्या हप्त्याआधी मातीपरीक्षण करून घेतलं. माझ्यामुळे की युरिया वेळेवर मिळेना म्हणून, विचारलेलं नाही.

सप्टेंबरअखेर आम्ही पुन्हा नमुने घेतले. पाऊस चांगला झाला होता, ‘सुकी’ नावाच्या नदीला पाणी होतं. वस्तीपर्यंतच्या नळाच्या लाइनचा चर अर्धा खणून झाला होता आणि त्यात गवत उगवलं होतं. सतरा नंबर: ३७.९, ३८.६, ३८.१.

मनातल्या मनात मला तो वाढलेला हवा होता. म्हणजे मी बरोबर होते असं झालं असतं. २ ऑक्टोबरच्या सभेत मी ३८.२ फळ्यावर लिहिलं तेव्हा सरपंच आनंदानं म्हणाले, “बघा मॅडम, उगाच घाबरवलं तुम्ही.” मी म्हटलं, “मोजलं ते ३८.२ आहे, सरपंच. पहिल्या रकान्यात तेच जाईल.” दुसऱ्या रकान्यात काय लिहायचं यावर पुन्हा अर्धा तास गेला. पावसानं पातळ झालं असेल, उन्हाळ्यात पुन्हा चढेल, की एप्रिलचा आकडाच वरच्या टोकाचा होता? दोन मोजमापांवरून सांगता येत नाही, आणि मी तसं सांगितलं. ठरलं की पुढच्या एप्रिलपर्यंत कॅन चालू ठेवायचे. वस्तीवर आता वरच्या दुधावरचं एकच बाळ होतं, बाकीची दोघं भाकरी खायला लागली होती.

सभा संपल्यावर आशाताई जवळ आल्या. त्यांच्या हातात सतरा नंबरची रिकामी बाटली होती, मागच्या वेळी हापशापाशीच राहिलेली. “धुऊन ठेवलीय,” म्हणाल्या. मी ती घेतली. घरी जाऊन आणखी तीनदा विसळली.